वाचनालयाचे पाच संगणक आणि ‘कमांड नॉट फाउंड’: प्रकल्पाच्या नोंदी

शनिवार, ८ जून २०२४

नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयाचे जुने वार्षिकांक आणि स्मरणिका स्कॅन करून त्यांतला मजकूर शोधता येईल असा करायचा, हे काम आजपासून सुरू. पाच संगणक देणगीत मिळालेत. पाचांवर उबुंटू २२.०४ ही लिनक्सची कार्यप्रणाली घालून झाली. अक्षरं ओळखायला टेसेरॅक्ट. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ या काळात घडलेली ही प्रणाली २००५ साली सर्वांसाठी खुली झाली. मराठीची माहिती वेगळ्या पॅकेजमध्ये येते, तीही घातली. स्कॅनच्या पीडीएफवर शोधता येणाऱ्या मजकुराचा थर चढवायचं काम ओसीआरमायपीडीएफ करतं. उबुंटूबरोबर त्याची जुनी आवृत्ती येते, मला नवी हवी होती. म्हणून ‘पिप’ने, म्हणजे पायथन भाषेतले प्रोग्रॅम उतरवून घालणाऱ्या साधनाने, घेतली.

ही वही सगळ्यांनी वाचायची आहे, म्हणून कमांडसुद्धा देवनागरीतच लिहितो. पडद्यावर त्या रोमन असतील.

संध्याकाळी बाई आल्या. मला सातवीत मराठी शिकवायच्या, आता मुद्रितं तपासायला येतात. मी त्यांना कमांड लिहून दिली होती. त्यांनी एकेक अक्षर बघून टाइप केली आणि एंटर दाबल्यावर उत्तर आलं: कमांड नॉट फाउंड. पुन्हा केली, पुन्हा तेच. खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, “अरे, माझ्या हातून काहीतरी बिघडलं वाटतं. तू बस.”

काहीही बिघडलं नव्हतं. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. चूक माझी. दुपारी पिपने प्रोग्रॅम घालताना शेवटी पिवळ्या अक्षरांत एक सूचना दिली होती, की हा प्रोग्रॅम /होम/वाचन/.लोकल/बिन मध्ये ठेवलाय आणि ती जागा पाथमध्ये नाही. मी ती न वाचताच खिडकी बंद केली होती. बाईंना तसं सांगितलं, पण त्या उठून स्कॅनरकडे गेल्या त्या गेल्याच. याचं मला फार वाईट वाटतंय. उद्या आधी हेच.

रविवार, ९ जून

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, आपण एखादं नाव टाइप करतो तेव्हा शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, अख्खी डिस्क धुंडाळत नाही. त्याच्याजवळ ठरलेल्या जागांची एक यादी असते, तिचं नाव पाथ. यादीतल्या जागा विसर्गासारख्या दोन टिंबांनी एकमेकींपासून तोडलेल्या असतात. शेल डावीकडून सुरुवात करतं, त्या नावाची चालवता येण्याजोगी फाइल जिथे पहिल्यांदा दिसेल तिथे थांबतं आणि तीच चालवतं. यादी संपली तरी दिसली नाही, तर ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणून १२७ हा आकडा मागे ठेवतं. फाइल सापडली पण चालवायची परवानगी नसली तर आकडा १२६. म्हणजे संदेशाचा खरा अर्थ इतकाच, की मला सांगितलेल्या जागांत ही वस्तू दिसली नाही. ती यंत्रात नाहीच, असं शेल म्हणतच नाही. नाव पूर्ण पत्त्यानिशी दिलं, म्हणजे त्यात तिरकी रेघ आली, की शेल यादीकडे बघतही नाही, थेट त्या पत्त्यावर जातं. ही पद्धत जुनी आहे. १९७९ सालच्या, युनिक्स या जुन्या कार्यप्रणालीच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बॉर्न यांचं शेल आलं, त्यातही पाथ असाच होता.

आमच्याकडे छापखान्यात आयुष्य घालवलेले एक काका येतात. हे ऐकून ते म्हणाले, “छपाईच्या खिळ्यांच्या केसचं तसंच. अक्षरं जुळवणारा जुळारी केसकडे बघत नाही, हात आपोआप त्या घराकडे जातो. ‘ळ’ चुकून शेजारच्या घरात पडला, की केसमध्ये असूनही नसल्यासारखा.” बाई हसल्या आणि पुन्हा यंत्रासमोर बसल्या. मला इतकंच हवं होतं.

मग उपाय. ‘एको $पाथ’ करून यादी बघितली. होम फोल्डरमधली .लोकल/बिन ही जागा तीत खरंच नव्हती. मी .प्रोफाइल ही फाइल उघडली, तर तिच्यात ती जागा जोडणाऱ्या ओळी उबुंटूने आधीच लिहून ठेवल्या होत्या! पण त्या ओळींत अट आहे, की फोल्डर अस्तित्वात असेल तरच जोडायचं. आणि ही फाइल वाचली जाते लॉगिनच्या वेळी. काल सकाळी लॉगिन केलं तेव्हा फोल्डर नव्हतं, पिपने ते दुपारी पहिल्यांदा बनवलं. लॉगआउट करून परत आत आलो, कमांड चालली. एक ओळही लिहावी लागली नाही.

बाईंनी १९७० च्या दशकातल्या अंकाची चार पानं केली. जोडाक्षरं बऱ्यापैकी येतात. ‘घ’ आणि ‘ध’ची गल्लत होते, ती हातानेच निस्तरावी लागेल.

शनिवार, १५ जून

आज तिसरं यंत्र. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने एक मुलगा येतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी यायच्या आधीच त्याने कामाला हात घातला होता. त्यालाही कमांड सापडली नाही. पण उबुंटू अशा वेळी नुसतं ‘नाही’ म्हणत नाही, अमुक पॅकेज घाला म्हणून सुचवतं. त्याने सुचवल्याप्रमाणे केलं आणि जुनी, म्हणजे १३ वी आवृत्ती आली. बाकीच्या यंत्रांवर १६ वी. जुनी काही वाईट नाही, पण पाचही यंत्रांवर एकच आवृत्ती असली तर एखादं पान बिघडलं तेव्हा कारण शोधणं सोपं जातं.

जुनी काढली, त्याच टर्मिनलमध्ये पिपने नवी घातली. पिपने घातलेलं दुसरं एक साधन या यंत्रावर आधीपासून असल्यामुळे फोल्डर यादीत होतं. तरी चालवल्यावर उत्तर आलं: /यूएसआर/बिन/ओसीआरमायपीडीएफ अशी फाइल नाही. कमांड कुठे आहे ते सांगणाऱ्या ‘व्हिच’ला विचारलं तर तो नवी, बरोबर जागा दाखवतोय. दोघांची उत्तरं जुळेनात.

इथे अर्धा तास गेला, पण कळलं ते मोलाचं. बॅश, म्हणजे उबुंटूचं नेहमीचं शेल, एकदा सापडलेल्या कमांडचा पत्ता लक्षात ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा यादी चाळावी लागत नाही. मुलाने सकाळी जुनी आवृत्ती एकदा चालवली होती, तिचा पत्ता त्या टर्मिनलच्या आठवणीत बसला. घर बदललं, तरी पोस्टमन जुन्याच दारात उभा. ‘व्हिच’ हा वेगळा प्रोग्रॅम, त्याला ती आठवण नसते, तो दर वेळी यादी नव्याने चाळतो. म्हणून यापुढे ‘व्हिच’ऐवजी ‘टाइप’ वापरायचं, ते शेलच्या स्वतःच्या मनातलं सांगतं. त्याने स्पष्ट सांगितलं, की हा पत्ता आठवणीतला आहे. ‘हॅश -आर’ केलं, आठवण पुसली गेली, काम सुरू. नवीन टर्मिनल उघडलं असतं तरी भागलं असतं.

बुधवार, १९ जून

मुलाचा फोन. म्हणे सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवायचा शब्द, लावलं तर कमांड पुन्हा सापडत नाही. सुडो आपली यादी वापरत नाही. त्याची स्वतःची यादी व्यवस्थेच्या फाइलीत लिहिलेली असते, आणि ती सुरक्षेसाठीच वेगळी ठेवलेली असते. त्याला विचारलं, सुडो लावलंसच का? “परवानगीचा प्रश्न असेल वाटलं.” ‘सापडत नाही’ आणि ‘परवानगी नाही’ हे दोन वेगळे आजार आहेत. सुडोने बनवलेल्या फाइली रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, मालकीच्या होतात आणि मग बाईंना त्या बदलता येत नाहीत, तेही सांगितलं.

शनिवार, २२ जून

दुसऱ्या यंत्रावर आज सकाळी काहीच सापडेना. फाइलींची यादी दाखवणारं ‘एलएस’ नाही, पडदा पुसणारं ‘क्लिअर’ नाही, फाइलीत लिहायचं ‘नॅनो’ नाही. काका म्हणाले, “गेलं वाटतं यंत्र.” मुलाचा चेहरा उतरलेला.

नवीन टर्मिनल उघडलं की बॅश .बॅशआरसी ही फाइल वाचतं. तिच्यात त्याने शेवटी एक ओळ लिहिली होती:

पाथ=/होम/वाचन/.लोकल/बिन

बस, एवढीच. जुनी यादी पुढे जोडायची राहून गेली. त्यामुळे यादीत एकच जागा उरली आणि बाकी सगळं जग शेलच्या नजरेआड गेलं. हवं होतं असं:

पाथ="$होम/.लोकल/बिन:$पाथ"

शेवटचं ‘:$पाथ’ म्हणजे ‘आणि आधी होतं ते सगळं’. डॉलरचं चिन्ह विसरलं तर जुनी यादी न येता ‘पाथ’ हा नुसता शब्द येतो. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडलेलीही चालत नाही. सोडली तर शेल ‘पाथ’ हीच कमांड समजून तिला शोधायला जातं. आणि लाटेचं चिन्ह, जे होम फोल्डरऐवजी लिहितात, ते अवतरणचिन्हांत ठेवलं तर त्याचा विस्तार होत नाही. बॅश शोधताना ते समजून घेतं, पण पायथनसारखे दुसरे प्रोग्रॅम घेत नाहीत. मग टर्मिनलमध्ये चालणारी कमांड दुसऱ्या प्रोग्रॅममधून चालत नाही आणि आपण चक्रावतो. म्हणून $होम लिहायचं.

आता सुटका कशी करायची, हे मुलाला करू न देता आधी विचारलं. “नॅनोच नाही तर फाइल कशी उघडू?” मी म्हटलं, नॅनो कुठे ठेवलाय ते तुला माहीत आहे, शेलला माहीत नाही. मग तू पत्ता सांग. क्षणभर थांबून त्याने स्वतःच /यूएसआर/बिन/नॅनो टाइप केलं आणि फाइल उघडली. त्याच्या तोंडावरचं हसू बघण्यासारखं होतं. ‘एको’ आणि ‘सीडी’ मात्र या सगळ्या गोंधळातही चालत होते, कारण ते शेलच्या पोटातच असतात, त्यांना शोधावं लागत नाही.

यातून एक नियम ठरवला. यादी बदलायची तर आधी त्या टर्मिनलपुरती बदलून बघायची. खिडकी बंद केली की तो बदल जातो, म्हणून धोका नाही. पटलं तरच फाइलीत लिहायचं, आणि लिहून झाल्यावर जुनी खिडकी उघडी ठेवून नव्या खिडकीत तपासायचं. हीच ओळ .प्रोफाइलमध्ये पडली असती तर कदाचित लॉगिनच अडलं असतं.

रविवार, २३ जून

स्कॅनच्या फाइलींना वर्ष आणि पानक्रमांकानुसार नावं द्यायला मी ‘अंकनाव’ नावाची छोटी स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने कमांड लिहिलेली फाइल, घरी लिहिली होती. पेनड्राइव्हवरून आणली. बॅशला दिली तर ओळीओळीला कमांड नॉट फाउंड, आणि कमांडच्या नावाच्या जागी फक्त ‘\आर’. घरच्या विंडोज यंत्रावरच्या एडिटरने ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर ठेवलं होतं. रिकामी ओळ खरी रिकामी नव्हती, तीत ते अक्षर होतं आणि बॅश त्यालाच कमांड समजत होतं. ‘डॉस-टू-युनिक्स’ने साफ केलं. इथे पाथचा काही संबंध नव्हता, संदेश मात्र तोच. म्हणून संदेशात कोणतं नाव आलंय ते आधी नीट वाचावं.

मुलगा म्हणाला, यादीत नुसतं टिंब घालूया, म्हणजे आपण ज्या फोल्डरमध्ये आहोत तिथलं सगळं चालेल. नको म्हटलं. इथे रोज कुणाकुणाचे पेनड्राइव्ह लागतात. त्यातल्या एखाद्यावर ‘एलएस’ नावाची भलतीच फाइल असली आणि टिंब यादीत सगळ्यात पुढे असलं, तर आपण आपल्या हाताने ती चालवू. टिंब शेवटी ठेवलं तरी कमांड टाइप करताना चुकलं की तीच भीती. यादीत चुकून लागोपाठ दोन विसर्ग पडले किंवा शेवटी एक जादा राहिला, तरी त्याचा अर्थ ‘चालू फोल्डर’ असाच होतो, हेही फार कमी जणांना माहीत असतं. ‘अंकनाव’ होममधल्या ‘बिन’ फोल्डरमध्ये ठेवली, तेवढं पुरे.

शनिवार, २९ जून

वाचनालय रात्री नऊला बंद होतं. यंत्रं रात्रभर रिकामी, म्हणून क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, साडेनऊचं काम दिलं होतं. दिवसा स्कॅन करायचं, रात्री अक्षरं ओळखायची. आज सकाळी छत्री झटकत आलो आणि नोंदीची फाइल उघडली. एकही पान झालेलं नाही. ओळ होती: /बिन/एसएच: १: ओसीआरमायपीडीएफ: नॉट फाउंड.

रात्री हाताने चालवलं तेव्हा चाललं होतं. फरक असा, की क्रॉन लॉगिन करत नाही. .प्रोफाइल वाचत नाही, .बॅशआरसी वाचत नाही. त्याची यादी दोनच जागांची: /यूएसआर/बिन आणि /बिन. शेलही बॅश नाही, साधं ‘एसएच’, म्हणून संदेशाचे शब्दही थोडे वेगळे. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या फाइलीच्या, माथ्यावर पाथची ओळ लिहिली. तिथे $होम किंवा $पाथ लिहून उपयोग नाही, क्रॉन त्यांचा विस्तार करत नाही. पत्ते पूर्ण लिहावे लागतात. मी घाईत फक्त ‘/होम/वाचन/.लोकल/बिन:/यूएसआर/बिन:/बिन’ एवढंच लिहिलं. (नंतरची भर: ते अपुरं होतं, पण त्याचा पत्ता आठवड्याने लागला.)

शनिवार, ६ जुलै

आठवडाभर रात्रीचं काम सुरळीत. एकही त्रुटी नाही. पण काकांनी विचारलं, की दिवसा केलेल्या पीडीएफ एवढ्या हलक्या आणि रात्रीच्या एवढ्या जड का? पानं तीच, स्कॅनर तोच.

मी आधी दुर्लक्ष केलं, मग बघितलं तर खरंच होतं. पहिल्या यंत्रावर मी ‘जेबिग-२’ हा काळ्या-पांढऱ्या पानांचा आकार कमी करणारा प्रोग्रॅम स्वतः बांधून घातला होता. असे हाताने बांधलेले प्रोग्रॅम /यूएसआर/लोकल/बिन मध्ये जातात. ओसीआरमायपीडीएफ आपल्या मदतनिसांना याच पाथमधून शोधतं. जेबिग-२ मिळाला तर वापरतं, नाही मिळाला तर गुपचूप त्याच्याशिवाय काम उरकतं. क्रॉनच्या यादीत ती जागा नव्हतीच. कमांड सापडली, पण तिची मदतनीस सापडली नाही, आणि कुणी तक्रारही केली नाही. ‘कमांड नॉट फाउंड’ ओरडून सांगतं तेव्हा खरं तर आपलं नशीब. काकांचं लक्ष नसतं तर वर्षभर जड फाइली साठत राहिल्या असत्या.

जागा जोडली. आठवडाभराच्या रात्रीच्या फाइली पुन्हा कराव्या लागतील.

रविवार, ७ जुलै

सकाळी कोपरीला बाईंच्या घरी. नातवाच्या लॅपटॉपवर विंडोज आहे, त्यावर त्यांना घरी बसून एकेक पान तपासायचं आहे. टेसेरॅक्ट घातलेला, पण कमांड प्रॉम्प्ट म्हणतो की ही आतली किंवा बाहेरची कमांड म्हणून ओळखू येत नाही. तिथल्या इन्स्टॉलरने पाथमध्ये स्वतःला जोडलं नव्हतं. प्रोग्रॅम सी: ड्राइव्हवर प्रोग्रॅम फाइल्समध्ये टेसेरॅक्टच्या फोल्डरात होता. सेटिंग्जमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ शोधून, वापरकर्त्याच्या पाथमध्ये नवीन ओळ म्हणून तो पत्ता घातला.

“झालं?” बाईंनी विचारलं. त्यांनी कमांड दिली, तरी तेच उत्तर. उघडी असलेली काळी खिडकी जुनीच यादी घेऊन बसलेली असते. बंद करून नवी उघडली तेव्हा चाललं. मग बाईंनी त्या दिवसाचा प्रश्न आज विचारला: “म्हणजे तेव्हा माझं काहीच चुकलं नव्हतं ना?” नाही बाई, काहीच नाही.

विंडोजवर जागा अर्धविरामाने तोडतात, कारण विसर्गासारखी टिंबं ड्राइव्हच्या नावातच खर्च झालीत. ‘सेटएक्स’ या कमांडने पाथ बदलायचा सल्ला अनेक जण देतात. ती १०२४ अक्षरांपुढचं कापून टाकते. लांब यादीवर तिला हात लावू देऊ नये.

शनिवार, १३ जुलै

पहिल्या यंत्रावरून पाचही यंत्रांची आवृत्ती एका दमात विचारावी म्हणून एसएसएचवरून, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर कमांड चालवायच्या साधनाने, कमांड पाठवली. पाचांनीही सांगितलं, सापडत नाही. पाचांवर आहे, हे मला ठाऊक. आता रागही येत नाही, फक्त विचारतो: हे दार कोणती यादी वाचतं? एसएसएचने एकच कमांड पाठवली तर ते लॉगिन शेल नसतं, म्हणून .प्रोफाइल नाही. आणि उबुंटूच्या .बॅशआरसी मध्ये सुरुवातीलाच लिहिलंय, की समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच परत जा.

म्हणजे लॉगिन, क्रॉन, सुडो, एसएसएच, प्रत्येक दारावर यादी वेगळी आणि मी महिनाभर प्रत्येक दाराशी जाऊन पत्ता लिहून देत होतो. काकांच्या खिळ्यांची गोष्ट मी उलटी वाचत होतो. जुळारी दर खिळ्यासाठी नवं घर पाडत नाही, तो खिळा त्याच्या घरात परत टाकतो. /यूएसआर/लोकल/बिन ही जागा लॉगिनच्या, सुडोच्या, एसएसएचच्या यादीत आधीपासून आहे. फक्त क्रॉनच्या नाही, तिथे आपण लिहिलीच आहे. तर प्रोग्रॅमच तिथे न्यायचा.

नुसता दुवा, म्हणजे मूळ फाइलीकडे बोट दाखवणारं नाव, करून भागणार नाही. पिपने माझ्या होममध्ये घातलेलं दुसऱ्या वापरकर्त्याला मिळत नाही, दुवा सापडला तरी आतली पायथनची पॅकेजं मिळत नाहीत. त्यामुळे /ऑप्ट/ओसीआर मध्ये पायथनचं स्वतंत्र वातावरण बनवायचं, पिप तिथलाच वापरायचा, आणि तिथल्या कमांडचा दुवा /यूएसआर/लोकल/बिन मध्ये ठेवायचा. पुढे उबुंटू २४.०४ घेतलं तर तिथे पिप असं होममध्ये घालायलाच नकार देतो, म्हणजे ही वाट तेव्हाही चालेल.

बुधवार, १७ जुलै

आषाढी एकादशी. वाचनालय बंद, पण किल्ली माझ्याकडे होती आणि बाईंनी डब्यात साबुदाण्याची खिचडी दिली होती. मुलगाही आला.

पाचही यंत्रांवर /ऑप्ट/ओसीआर बनवलं. जुनी पिपची आवृत्ती आधी काढली, नाहीतर .लोकल/बिन यादीत पुढे असल्यामुळे तीच आधी सापडत राहिली असती. चौथ्या यंत्रावर काढूनही जुनाच पत्ता येत होता. मी सांगायच्या आत मुलाने ‘हॅश -आर’ केलं. क्रॉनटॅबमधून माझ्या होमचा पत्ता पुसला, /यूएसआर/लोकल/बिन ठेवला. दुसऱ्या यंत्राच्या .बॅशआरसी मधली त्याची ती ओळही त्यानेच खोडली.

पहिल्या यंत्रावरून एसएसएचने पाचांना आवृत्ती विचारली. पाचही उत्तरं १६. बंद करून निघालो तेव्हा साडेनऊचं काम सुरू होऊन पहिल्या यंत्राचा पंखा वाढला होता.